एकशेसाठची सरासरी

नांदेड
१२ जानेवारी २०१४

चि. भार्गवी,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. तुला जळकोटच्या शाळेतून रजा मिळाली नसेल. गुरुजी जेवून गेले, मग घरात मी एकटाच.

एक काम केलं, ते कळवतो. लातूरला राहून तू ज्या क्लासात शिकलीस, तिथे रेवणप्पा कारकून होते ना, ते निवृत्त होऊन इथे मुलीकडे आलेत. त्यांच्याजवळ तुमच्या वर्षाची वही निघाली. नऊशे मुलांची हजेरी आणि सीईटीचे दोनशेपैकी गुण. क्लासच्या पत्रकात छापलं होतं, ‘आमच्या विद्यार्थ्यांची सरासरी १६०’. रेवणप्पा म्हणाले, “सर, पत्रक मालकानं छापलं. वही म्या लिहिली.”

वही एका दुपारपुरतीच मिळाली. माझी आवडनिवड आड येऊ नये म्हणून पुस्तकातल्या, कुठलाही क्रम नसलेल्या अंकांच्या तक्त्यावरून छत्तीस मुलं निवडली. सरासरी आली १४८. एवढ्यानं दावा खोटा ठरत नाही. नमुना कधी कमनशिबीही निघतो. म्हणून गुण किती विखुरलेत ते काढलं, कसोटी लावली. सरासरी खरंच १६० असती, तर इतका खालचा नमुना हाती येण्याची शक्यता शंभरात एकही नव्हती. दावा फेटाळला.

ही कसोटी मी तीस वर्षं कॉलेजात शिकवली. तू १४६ घेऊन आलीस तेव्हा मात्र पत्रक खरं मानलं आणि म्हणालो, “सरासरीइतकंही जमलं नाही तुला?” तू विचारलंस, “बाबा, छापलंय म्हणून ते खरं का?” मी उलट बोलू नकोस म्हणालो. आई मध्ये पडली, तर तिलाही गप्प केलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

पत्र इथेच संपवणार होतो.

निवडलेल्या छत्तिसांत तुझं नाव नव्हतं, म्हणून वही परत देताना तुझी ओळ शोधली. डिसेंबरात सलग सव्वीस दिवस गैरहजर. शेरा: कावीळ. घरी का कळवलं नाही, असं रेवणप्पांना विचारलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “पोरगीच नको म्हणली, सर. बाबा म्हणतील, बहाणे करून राहिली.”

लातूरच्या भूकंपात तू दोन महिन्यांची होतीस. दुपट्यात गुंडाळून तुला मीच बाहेर आणलं होतं.

माझं चुकलं, भार्गवी. सरासरी खरोखर १६० असती, तरी चुकलंच असतं.

आता बरी आहेस ना?

बाबा