लेडी कॉन्स्टन्सचे हात

मेडनहेड
दि. २ मार्च २०२५

चि. सुमेधा हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी हकीकत तुझ्या वडिलांकडून, म्हणजे प्रबुद्धकडून, समजली. नातीची बातमी मुलाच्या तोंडून कळावी हे मला रुचत नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. उत्तरही पत्रानेच यावे. फोनवर माणूस बोलून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी आपण तसे बोललोच नाही म्हणतो. कागदाला ती सोय नाही.

रीडिंग शहरातल्या कंपनीतील चांगली नोकरी सोडून तू कार्डिफच्या एका संग्रहालयात गेलीस, तीही तीन महिन्यांच्या कच्च्या बोलीवर. तेथे काम काय, असे विचारले असता प्रबुद्ध म्हणाला की, दीडशे वर्षांपूर्वी कोण्या उमरावाने इतर उमरावांच्या तसबिरी काढल्या, त्यांच्याखाली माहितीच्या पाट्या लिहिण्याचे.

मी चौथी पास आहे. तरी मला इतके समजते की, बड्या लोकांच्या तसबिरींची निगा राखायला आपण सातासमुद्रापलीकडे आलो नाही. मी व तुझी आजी, कालकथित द्रौपदी, आम्ही दोघांनी रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत अठ्ठावीस वर्षे परक्यांच्या चादरी धुतल्या. पुढच्या पिढीने परक्यांची धूळ झटकू नये, एवढाच त्यात हेतू होता.

माझे काही चुकत असेल तर मुद्देसूद लिहावे. प्रकृती उत्तम आहे. गुडघ्याचे प्रबुद्ध सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये.

तुझे भले व्हावे असे इच्छिणारा,
यादवराव गंगाराम तायडे


कार्डिफ
९ मार्च २०२५

ती. आजोबांना,
सविनय जयभीम.

तुमची पत्र मिळाली. मी तीनदा वाचली, दोनदा रागाने आणि एकदा नीट.

पहिला मुद्दा. धूळ मी झटकत नाही, त्याला वेगळी टीम आहे. दुसरा मुद्दा. तुमचा उमराव म्हणजे लॉर्ड लायनेल ट्रेव्हर्न. मोठ्या सरदाराचा धाकटा मुलगा. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की जेंटलमन माणूस पेंटिंग विकत घेतो, स्वतः करत बसत नाही. बारा वर्षं ते त्याच्याशी बोलले नाहीत! आजोबा, तुमची आणि त्यांची ओळख व्हायला हवी होती. तुम्ही दोघं शेजारी बसून आम्हाला ओरडला असता.

त्याने राजघराण्यातले लोक पेंट केले, पण सगळ्यात फेमस आहे त्याच्या बायकोचं पोर्ट्रेट, १८७१ चं. लेडी कॉन्स्टन्स. चार मुलींची आई. ते पेंटिंग अजून फॅमिलीकडेच आहे. त्याची पणती, मिसेस इसोबेल, वय एक्क्याऐंशी, तिने आमच्या एक्झिबिशनसाठी ते उसनं दिलंय. त्या घरात एक रीत आहे. प्रत्येक नवरी लग्नाच्या फोटोत तसेच हात ठेवते, उजवा हात डाव्यावर, खाली मिटलेला पंखा. मुलगी जन्मली की आधी तिचे हात बघतात आणि म्हणतात, कॉन्स्टन्सचे हात आलेत. चार पिढ्या हे चाललंय.

त्या पेंटिंगचं लेबल मला लिहायचंय. फक्त साठ शब्द, पण ते चांगलं झालं तरच ३१ मेनंतर मला ठेवतील. तुम्ही फोनवर फोटो बघत नाही, म्हणून मोठा प्रिंट पाठवतेय. बघा आणि सांगा, कशी वाटते बाई.

तुमची लाडकी (अजून आहे ना?),
सुमेधा


मेडनहेड
दि. १५ मार्च २०२५

चि. सुमेधा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

प्रथम दुरुस्ती. पत्र 'मिळाली' नव्हे, 'मिळाले'. लाडकी आहेस, परंतु व्याकरणाला त्याचा उपयोग नाही.

चित्र पाहिले. सकाळी खिडकीत धरून पाहिले, नंतर प्रबुद्धचे भिंग घेऊन पाहिले. चेहरा कसा वाटला, असे तू विचारतेस. बाई थकलेली आहे आणि तिला उठून जायचे आहे. परंतु माझे सांगणे वेगळेच आहे. हे हात त्या बाईचे नाहीत.

रागावू नकोस, कारणे देतो. उजव्या हाताची बोटे सांध्यांवर फुगलेली आहेत. ओले जड कापड रोज पिळणाऱ्याचेच सांधे असे फुगतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडी चकाकते. तेथे इस्त्रीची मूठ घासते. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस पुसटसा तिरका पट्टा आहे. चित्रकाराने त्यावरून गुलाबी रंग फिरवला आहे, पण तो गेलेला नाही. तापलेली इस्त्री उचलताना दुसरे मनगट मध्ये आले की असा चटका बसतो. नव्या बायकांना पहिल्याच महिन्यात बसत असे. नखांच्या कडा सोड्याने खाल्लेल्या आहेत.

चार मुलींची आई असली तरी उमरावाची पत्नी घरची चादर पिळत नसावी. हे हात लॉन्ड्रीतले आहेत. त्यांची ओळख मला पुस्तकात शोधावी लागत नाही. असे दोन हात पन्नासहून अधिक वर्षे माझ्यासमोर ताट ठेवत आले.

चित्रकार मात्र प्रामाणिक दिसतो. जे दिसले ते त्याने खोडले नाही. त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलायला हरकत नव्हती.

तुझा आजोबा,
यादवराव गंगाराम तायडे


कार्डिफ
५ एप्रिल २०२५

ती. आजोबांना,
सविनय जयभीम.

पत्र मिळाले. बघा, शिकले!

आणि तुम्ही बरोबर होता. मला अजून विश्वास बसत नाही. लॉर्ड लायनेल एक वही ठेवायचा, कोण कधी पोझ द्यायला बसलं त्याची. ती वही आमच्याकडे गेली दोन वर्षं आहे, सगळ्यांनी वाचलीय, पण त्या पानावर कोणी थांबलंच नाही. लेडी कॉन्स्टन्स फक्त तीन वेळा बसली, समोर लिहिलंय 'चेहरा'. मग अकरा दिवस दुसरंच नाव आहे, 'मार्था प्यू', आणि समोर 'हात'. मी १८७१ ची जनगणना काढली. त्याच घरात मार्था प्यू, बावीस वर्षांची, वेल्समधून आलेली, काम लॉन्ड्रीमेड. मी ऑफिसमध्ये मोठ्याने ओरडले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग वाईट बातमी. माझ्या बॉसने हे मिसेस इसोबेलला फोनवर सांगितलं. ती भयंकर चिडली. म्हणाली की तिच्या आईने, तिने, तिच्या मुलीने त्या हातांसारखे हात ठेवून लग्नं केली, आणि ऑगस्टमध्ये तिच्या नातीचं लग्न आहे. एका वहीतल्या एका ओळीवरून कोणी तिच्या घरात येऊन हे बदलू नये. नाहीतर पेंटिंग परत घरी जाईल. ते गेलं तर एक्झिबिशनमध्ये काही उरत नाही.

बॉस म्हणते, वाद नको. साठ शब्दांत एवढंच लिही की लेडी कॉन्स्टन्स तिच्या सुंदर हातांसाठी प्रसिद्ध होती. ते वाक्य मी टाइप केलं आणि आठ दिवस झाले, सेंड होत नाहीये माझ्याकडून. बाबा म्हणतात, आधी नोकरी पक्की कर, मेलेल्या बाईचे हात कुठे पळून जात नाहीत.

आजोबा, तुम्ही सांगाल ते मी करेन. प्लीज लवकर लिहा.

सुमेधा


मेडनहेड
दि. १० एप्रिल २०२५

चि. सुमेधा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचताच मी उत्तर लिहिले. ते चार ओळींचे होते. भिऊ नये, खोटे वाक्य लिहू नये, नोकरी गेली तर जाऊ द्यावी, आपण कोणाची माणसे आहोत हे विसरू नये. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावले आणि कोट घालून दारापर्यंत गेलो. तेथून परत आलो. ते पाकीट माझ्यासमोर आहे. पाठवणार नाही. कारण लिहितो. हे मी कोणास सांगितलेले नाही.

आपल्या विहाराच्या दारात पितळी पाटी आहे, ती तू लहानपणापासून पाहिली आहेस. 'आयु. यादवराव गंगाराम तायडे यांच्या अथक प्रयत्नांनी ही वास्तू उभी राहिली.' सन १९९४. तो मजकूर समितीने लिहिलेला नाही. मी लिहिला.

ती जागा मिळावी म्हणून सहा वर्षे सुटीच्या दिवशी बसने घरोघर जाऊन माणसे जमवली ती द्रौपदीने. कौन्सिलच्या कचेरीत पाच वेळा गेली तीही द्रौपदी. इंग्रजीचे शंभर शब्द येत असतील, तेवढ्यांवर तिने तेथल्या अधिकारी बाईला गप्प केले. मी घरी बसून सांगत होतो की, कौन्सिल आपल्याला दाद देणार नाही. कौन्सिलचे होकाराचे पत्र आले, त्यानंतर मी कोट घालून पुढे झालो. सह्या माझ्या, भाषण माझे, हार मला. पाटीवर तिचे नाव घालण्याचे मनात आले होते. नवराबायकोची वेगळी नावे कशाला, असे म्हणून मीच ते काढले.

उद्घाटनाच्या सकाळी ती माझ्या कोटाला इस्त्री करत होती. म्हणाली की, ही इस्त्रीसुद्धा तुमच्याच अथक प्रयत्नांनी झाली, असे पाटीवर घालायला हरकत नाही. मी हसलो. पुढे कित्येक वर्षे ते वाक्य मी पाहुण्यांना विनोद म्हणून सांगत असे, आणि ती चहा आणायला आत जाई.

तेव्हा सुमेधा, तुला आज्ञा करण्याचा अधिकार मला आज नाही. येत्या रविवारी विहारात जयंतीचा कार्यक्रम आहे. तेथे मी उभा राहून हे सांगणार आहे. तुला त्याआधी निर्णय करावा लागला तर मला विचारू नये. स्वतःला विचारावे. जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूस आहे, वाक्य लिहिलेस तरीही.

तुझा आजोबा,
यादवराव


कार्डिफ
२४ एप्रिल २०२५

ती. आजोबांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग तुमच्या रविवारची वाट न बघता बॉसकडे गेले आणि सांगितलं की ते वाक्य मी लिहिणार नाही, दुसऱ्या कोणाकडून लिहून घे. ती म्हणाली, एवढी हिंमत असेल तर इसोबेलच्या तोंडावर सांग.

परवा ती आली. एकटी, ट्रेनने, काठी घेऊन. मी पेंटिंगसमोर खुर्ची ठेवली, तिच्या हातात भिंग दिलं आणि तुम्ही लिहिलं होतं तेच सांगितलं, एकेक करून. सांधे, अंगठा, मनगट. ती इतका वेळ बघत होती की मला वाटलं झोपली. मग विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, माझे आजोबा लॉन्ड्रीत होते. ती म्हणाली की माझे हात कधीच असे नव्हते, आईला उगाच दिसायचे.

मग ओरडली मात्र. म्हणाली, घरातली गोष्ट घरातल्यांना आधी समोर बसून सांगतात, फोनवर नाही. आजोबा, अगदी तुमच्यासारखी! तिची अट एकच आहे. लेबल लागण्याआधी नातीला ती स्वतः सांगणार, दुसरं कोणी नाही. नात हात कसे ठेवेल ते नात ठरवेल.

लेबलचं शेवटचं वाक्य आता असं आहे: चेहरा लेडी कॉन्स्टन्सचा, हात त्या घरातील लॉन्ड्रीमेड मार्था प्यू हिचे.

नोकरी पक्की नाही झाली. सहा महिने वाढवली आहे, पुढचं नंतर बघू म्हणतात.

तुमच्या रविवारी काय झालं? बाबा काही सांगत नाहीत, नुसते हसतात. मला काळजी वाटतेय.

सुमेधा


मेडनहेड
दि. २७ एप्रिल २०२५

चि. सुमेधा हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र प्रबुद्धला मोठ्याने वाचून दाखवले. तो दोनदा चष्मा पुसायला उठला. मिसेस इसोबेल यांना माझा नमस्कार सांगावा. बाई रीतीच्या आहेत.

रविवारचे न सांगण्याबद्दल मीच त्याला बजावले होते. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. दोन पाने लिहून नेली होती. पाटीवरचा मजकूर अपुरा आहे आणि तो अपुरेपणा माझा आहे, इथपर्यंत वाचले असेल, तोच बायकांच्या बाजूने शशीबाई उठल्या. द्रौपदीबरोबर त्या अनेक वर्षे चादरींच्या घड्या घालत असत. त्या म्हणाल्या की, यादवराव, हे आम्हां सगळ्यांना एकतीस वर्षे ठाऊक आहे. तुम्हांला कधी कळते, एवढेच पाहत होतो. आता बसा, जेवण गार होते आहे.

सगळे हसले. मीही बसलो. दीड पान न वाचताच खिशात राहिले. अपमान झाला असे प्रथम वाटले. घरी येईपर्यंत तसे वाटेनासे झाले. मला वाटत होते की मी एक गुपित बाळगून आहे. ते गुपित नव्हतेच. माझ्याशिवाय सर्वांस ते माहीत होते आणि तरी ते मला इतकी वर्षे पहिल्या रांगेत बसवत होते.

समितीने नवी पाटी करण्याचे ठरवले आहे. प्रथम नाव द्रौपदीचे, माझे त्याखाली लहान अक्षरांत. मजकूर मी लिहिलेला नाही, शशीबाईंनी लिहिला. परंतु सेक्रेटरीने जन्मतारीख मागितली, तेथे काम अडले आहे.

तिच्या पासपोर्टावर १ जानेवारी १९४४ आहे. कचेरीत अर्ज भरताना कारकुनाने विचारले, तेव्हा ती काही सांगू लागली होती. रांग मोठी होती, म्हणून मी मध्येच सोयीची तारीख सांगून टाकली. चोपन्न वर्षांच्या संसारात पुन्हा कधी मी विचारले नाही. ती काय सांगत होती, हे मला आजतागायत माहीत नाही.

तुझ्या आजीची धाकटी बहीण अकोल्यास आहे. तिला ऐकू कमी येते, पण स्मरण शाबूत आहे. घरात कोणाचे लग्न होते, कोणाचे बाळंतपण झाले, कोणत्या साली विहीर आटली, असे विचारत विचारत गेलीस तर ती पोहोचवील. जुन्या कागदांतून माणूस कसे शोधावे हे तुला येते. मला येत नाही. हे काम मी तुझ्याकडे सोपवत आहे.

कारागिराला पाटीवर ती जागा मोकळी ठेवण्यास सांगितले आहे. कितीही दिवस लागले तरी चालेल. सापडेल तीच तारीख पाठवावी. न सापडली तर जागा तशीच राहू दे. सोयीची घालू नये.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
तुझा आजोबा,
यादवराव