उपग्रह खोटं बोलत नाही

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.३०
थोरल्या भावाच्या, नारूदादाच्या बोटीवर नवं जीपीएस बसवलं. वेळ दाखवतंय सकाळचे सहा. दादा म्हणाला, दुकानदाराला बोलाव. कशाला? मी एमएस-सीआयटी काय झक मारायला केली? धाकट्या डहाणूत बोट हाकणारे तांडेल ढिगाने आहेत, टेक्निकल माणूस एकच.

त्याच दिवशी, दुपारी
झालं. घड्याळ पाच तास पुढे ढकललं. हवे होते साडेपाच, पण बटण पाचवरून थेट सहावर उडी मारतं. पाच घेतले. अर्ध्या तासाने काय समुद्र आटतो?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ८.१०
मशीन आणि माझा मोबाईल यांच्यात अर्ध्या तासाचा फरक येतोय. शांतपणे विचार केला. मशीनला वेळ देतो उपग्रह. मोबाईलला देते कंपनी. जी कंपनी रिचार्जमध्ये फसवते ती वेळेत सोडेल होय? मोबाईलचं ऑटोमॅटिक बंद केलं. यादीतून मशीनशी जुळणारी वेळ निवडली. भिंतीवरचं घड्याळही मागे घेतलं. घर एकदाचं शिस्तीत आलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४० (उपग्रहाप्रमाणे)
शांतीचा टेम्पो चुकला. माशांची टोपली घेऊन बाजाराला निघालेली बायको पाच मिनिटांत टोपलीसकट घरी. टेम्पोवाला लवकर सुटला, असं मी समजावलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. भिंतीवरचं घड्याळ तिने पुन्हा पुढे केलं. गाढवापुढे वाचली गीता. मोबाईल मात्र माझा आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७
आमच्या लेकीने, कल्पिताने माझा मोबाईल बघितला आणि हसून हसून लोळली. म्हणाली, बाबा, ही कराचीची वेळ आहे. आपल्या लोकांना बोटीसकट तिकडे धरून नेतात, तुम्ही आपणहून गेलात!

यादी बघितली. लिहिलंय खरं तसं. म्हणून काय झालं? वेळेला देश नसतो. बदलणार नाही म्हणजे नाही. काकाला सांगू नको, एवढं मात्र तिला बजावलं. घाबरलो म्हणून नव्हे, दादाला बीपी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ९
परवा कल्पिताचा साखरपुडा. नवरा मुलगा आगर गावचा उमेश. पोरगा सोन्यासारखा. मुहूर्त संध्याकाळी ६.०५. मला पाटावर तुम्हीच न्यायचं बाबा, म्हणाली. एवढी मोठी कधी झाली ही?

पाहुण्यांना बर्फातलं पापलेट घालायचं? माझ्या पोरीच्या साखरपुड्याला? छट्! रविवारी मी स्वतः बोट काढणार. दादा मांडवाचं बघणार, म्हणून बोट पहिल्यांदाच माझ्या ताब्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८
शांतीने बोटांवर हिशोब केला. उद्या पंचमी, पाचाचं पाऊणपट, पावणेचारला भरती. पाचच्या आत खाडीत शिरा, नाहीतर चिखलात बसाल. बरं, म्हटलं. बोटं मोजणाऱ्यांशी उपग्रहवाल्याने काय वाद घालायचा?

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.०५, बोटीवर
पापलेट झकास. हिरूकाका, आमचे म्हातारे खलाशी, पाण्याकडे बघून सारखे म्हणतायत, उतरलं रे, चल. त्यांना मशीन दाखवलं. चार वाजून पाच. अजून एक जाळं ओढून निघू.

४.५०
खाडीच्या तोंडाशी आलो. पाचला दहा मिनिटं बाकी. याला म्हणतात प्लॅनिंग.

४.५४
रुतलो.

४.५८
गाळ वाढलाय, सरकारचं लक्ष नाही. हिरूकाका बिडी ओढतायत, माझ्याकडे बघत नाहीत. समोर मांडवाचे लाइट दिसतायत. शांतीचे सात फोन आले. उचलले नाहीत. आरडाओरडा कोण ऐकणार? सहाला अजून तास आहे. चिखलातून चालत जातो. आरामात पोचेन.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.२० (कल्पिताला विचारून)
पापलेटची पिशवी डोक्यावर, चिखल मांडीपर्यंत. मांडवात शिरलो तेव्हा मोबाईलवर ५.५० झाले होते. पंधरा मिनिटं लवकर.

अंगठ्या घालून झाल्या होत्या. पाटाशेजारी नारूदादा उभा. शांतीने माझ्या डोक्यावरची पिशवी उतरवून घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कल्पिता म्हणाली, भटजी ऐकत नव्हते तरी दहा मिनिटं थांबवलं त्यांना. सारखी खाडीकडे बघत होते, बाबा. रडत नव्हती. मीच रडलो. चिखल डोळ्यात गेला, असं उमेशच्या वडिलांना सांगितलं.

आज सकाळी तिने माझा मोबाईल घेतला, ऑटोमॅटिक चालू केलं, परत दिला. दोन सेकंदांचं काम.

फोटो आलेत. एकशे चाळीस. तिला पाटावर नेणारा हात दादाचा आहे. मी फक्त शेवटच्या फोटोत, चिखलासकट. कोपऱ्यात वेळ छापलीय, ६.२०.

बरोबर आहे ती.