चहा खाणारी माणसं

टॅम्सिन,

तुझ्या आईला मी चहाला बोलावलं होतं. आमच्या बार्न्सलीत, उत्तर इंग्लंडात, संध्याकाळच्या जेवणाला चहाच म्हणतात. त्या चार वाजताच केक घेऊन टपकल्या, तेव्हा माझं मटण अजून शिजायचं होतं. "बिचारीला एवढंही कळत नाही," म्हणून त्या हसल्या, ते मी सोडून दिलं. पण तूही हसलीस. एक्सेटरला शिकायला येऊन एका घरात राहायला लागल्यापासून रोज माझ्या हातचा चहा खातेस, तेव्हा मात्र हा शब्द खटकला नाही.

मी लायब्ररीत चाललेय. मटण ओव्हनमध्ये आहे, गरम करून घे.

उद्या सहाला जिन्यातून नेहमीसारखीच हाक मारणार, "चहा झालाय गं." यायचं तर ये. डिनर हवं असेल तर स्वतः शिजव.

लीअॅन