न्हाणीघराच्या नव्या दाराविषयी

फुलचूर, गोंदिया
९ जानेवारी २०२६

सौ. कुंदास,

सप्रेम नमस्कार. आम्ही पितापुत्र कुशल आहोत. 'कुशल' या शब्दाची मर्यादा पुढे येईलच. तुला ठाऊक असलेले थोडे पुन्हा मांडतो, कारण युक्तिवाद आरंभापासूनच करावा. तुझ्या कमरेची शस्त्रक्रिया झाली, तू इटियाडोहकडे भावाच्या घरी आहेस आणि होळीपर्यंत जड उचलायचे नाही अशी डॉक्टरांची आज्ञा आहे. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तू माझ्या 'हॅलो'वरूनच निकाल देतेस.

प्रथम घरची वार्ता. न्हाणीघराला नवे दार बसवले. जुने वापरण्याजोगे राहिले नव्हते. रंग निळा, निवड वीरेंद्रची.

वीरेंद्रचे दिव्यांगांचे केंद्र अद्याप बंदच आहे. अनुदान थांबले म्हणून गाडी थांबली, आणि त्याला आंघोळ घालणारी ताईही गेली. बत्तीस वर्षांच्या, जन्मापासून पायांवर उभ्या न राहिलेल्या मुलाचे आता काय करावे, हे विचारायला मी समाजकल्याण कार्यालयात गेलो. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले असल्याने लेखी युक्तिवाद सोबत नेला होता. कारकुनाने तो न वाचताच सांगितले, "सरजी, ऊपर से बंद है."

"वर म्हणजे नेमके कोण?" मी विचारले.

त्याने वर पाहिले. वर पंखा होता. तोही बंद होता.

"मग या मुलांना सांभाळणार कोण?"

"घरवाले तो हैं ना, सर."

या उत्तरातला दोष शोधत मी घरापर्यंत पायी आलो. 'घरवाले' हे अनेकवचन आहे आणि वस्तुतः तेथे एकच व्यक्ती होती, जिची कंबर अखेर डॉक्टरांना उघडून पाहावी लागली. केंद्राचे अनुदान निदान बंद तरी करता आले. तुझे कधी मंजूरच झाले नव्हते, त्यामुळे तू थांबलीस याची नोंद कोणत्याही कार्यालयात होणार नाही.

आता दाराविषयी. आंघोळीच्या वेळी कडी लावू नका, असे तू जाताना बजावले होतेस. परंतु न्हाणीघरात शिरताच कडी लावणे हा माझा जन्माचा शिरस्ता; माझ्यासोबत दुसरा मनुष्य आहे, ही गोष्ट माझ्या हाताला पटली नाही. वीरेंद्रला खुर्चीवरून पाटावर घेताना साबणाने स्वतंत्र भूमिका घेतली आणि आम्ही दोघेही खाली बसलो. त्याला उठता येत नाही, मला उठवेना, आणि कडी हाताला लागेना.

वीरेंद्रचे शब्द सावकाश येतात, पण धार तुझी आहे. "बाबा, आता तुमचं ते पाच पायऱ्यायचं अनुमान सांगा ना जी."

मी सांगू लागलो. प्रतिज्ञा: आपण अडकलो आहोत. हेतू: कडी आतून आहे. उदाहरण: जो जो आतून कडी लावतो...

"तो तो माझा बाप हाये," तो म्हणाला आणि असा हसत सुटला की मलाही गांभीर्य राखता आले नाही.

तो गोंगाट ऐकून शेजारचे केशोराव खिडकीशी आले. "सर, काऊन खाली बसून राहिले जी?"

"चर्चा चालू आहे."

"मंग मी बादमें येऊ का?"

"जाऊ नोका, काका! दार तोडा!" वीरेंद्र ओरडला.

तेव्हापासून रोज सकाळी केशोराव आणि त्यांचा भाऊ टिकाराम येतात. ते उचलतात, वीरेंद्र हुकूम सोडतो, मी टॉवेल धरतो. टॉवेल एका हातानेही धरता येतो, आणि दुसऱ्याला प्लास्टर आहे. मोडले ते डावे मनगट. मी लिहितो उजव्याने. म्हणून ही बाब येथवर अप्रस्तुत मानली होती.

तू एव्हाना पिशवी भरायला घेतली असशील. ती खाली ठेव. तेही वजनच आहे.

उन्हाळी धानाची रोवणी लागली की त्या दोघांना शेतावर जावे लागेल, हे मला कळते. काल मी वीरेंद्रला विचारले, आईला बोलावू का?

"आई पायजे," तो म्हणाला. "पन आली का मले उचलतेच. मंग नको येऊ म्हना."

मी या विधानाचे खंडन शोधले. मिळाले नाही.

रोवणीनंतर त्याला कोण उचलेल, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही. ते शोधणे आता माझ्याकडे आहे, आणि मला ते जमेल की नाही याची तुला वाटते तितकीच शंका मलाही वाटते. तरीही येऊ नकोस. पाठ टेकून पडून राहा. तू नीट चालत या घरात यावीस, एवढीच आम्हा दोघांची मागणी आहे, आणि ती आम्ही कोणत्याही कार्यालयात केलेली नाही.

तुझाच (या विधानास पुरावा जोडलेला नाही),
उमराव