कण्यातली चीर

ॲडलेड
मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

कसे आहात? मी ठीक आहे, असं लिहून पुढे सरकावं म्हणतो. इथे उन्हाळा यंदा लवकर लागलाय. तुमच्याकडे नदीला पाणी कसं आहे? बागेचा पंप दुरुस्त झाला का? गुडघा उन्हात तरी गप्प बसत असेल.

तुमचा निरोप कॅरल मावशीकडून मिळाला. "शिर्मरांच्या घरात हिरवी टोपी येतेय, सांग त्याला," म्हणालात म्हणे. क्लबात सगळ्यांना बिअर पाजलीत, आणि म्हातारा डग टेबलावर चढून नाचला, हेही कळलं. मागच्या नाताळनंतर आपण बोललेलो नाही. फोन करायचं मनात आलं होतं. पण फोनवर मी लगेच गप्प होतो आणि तुमचा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

देशाच्या कसोटी संघात नाव आल्यापासून लोक ओळखायला लागलेत. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई मीट पायचे पैसेच घेत नाही. सामना संपताच मैदानातच आमचा राज्याचा कप्तान कोरी म्हणाला होता, "बावीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्या डावात पाच बळी आणि वर सत्तर धावा. आम्हा म्हाताऱ्यांना लाज वाटेल असं खेळू नकोस रे." टीव्हीवर तो डाव तुम्ही पाहिलाच असेल. शेवटचा बळी कसा गेला हेही पाहिलं असेल.

पण खरं काय झालं ते टीव्हीवर दिसलं नाही.

त्या बळीच्या आधीच्या चेंडूला कमरेत काहीतरी मोडलं. ओली फांदी मोडते तसं, आवाज मला आतून ऐकू आला. मी परत चालत गेलो, धावत आलो आणि पुढचा टाकला. का टाकला, ते तुम्हाला सांगायला नको. सगळे माझ्या अंगावर येऊन उड्या मारत होते आणि मी हसत होतो. खोलीत आल्यावर जमिनीवर आडवा झालो तो उठताच येईना. कोरीनं माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

बाबा, मी पर्थच्या कसोटीला जाणार नाहीये. उद्या बातमी येईल, 'पाठदुखीमुळे माघार' एवढीच. तुम्हाला ती क्लबातल्या टीव्हीवर कळू नये म्हणून हे पत्र मावशीच्या शेजाऱ्याच्या हाती आजच पाठवतोय. तो दुपारी तिकडे यायला निघतोय.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर कणा दाखवला. म्हणाल्या, "हाडाला ही तिसरी चीर. दुसरी दोनेक वर्षांपूर्वीची असावी. पहिली मात्र खूप जुनी आहे, शाळेच्या वयातली. तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं का?"

मी म्हणालो, "पाहिलं होतं."

त्यापुढे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. बेरी गावातल्या त्या तरुण डॉक्टरानं सांगितलं होतं, सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "त्या बाबाजीनं जन्मात कधी बॉल टाकलाय का?" मी खो खो हसलो होतो. तुमच्यासारखा माणूस माझ्या बाजूनं आहे याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण पॅकिंग शेडच्या मागे, त्या सिमेंटच्या पट्टीवर होतो. तुम्ही खराब गुडघा आडवा टाकून, हातमोजे घालून स्टंपांमागे बसलेले. "दुखतंय म्हणजे वाढतोयस, चल, आणखी एक."

तुम्ही वाईट बाप नव्हता. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय. वाईट असता तर मी कधीच निघून गेलो असतो. दर शनिवारी मला इथवर आणायचं, दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि परतताना मी मागे झोपलेला असताना रेडिओसुद्धा लावायचा नाही. घरी पोचल्यावर स्वतः पाठीला मलम चोळायचं. गुडघ्यावर ट्रॅक्टर उलटला नसता तर तुम्ही राज्याकडून खेळला असता, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. तुमचं राहिलं ते मी करतोय, असं मलाही वाटायचं. ते वाटणं खोटं नव्हतं.

माझ्यापुरतं असतं तर हे पत्र इथेच संपवलं असतं.

इमी सोळा वर्षांखालच्या चाचण्यांसाठी गेल्या आठवड्यात आली ते तुम्हाला माहीत आहेच, तुम्हीच तिला बसमध्ये बसवलंत. पहिल्या दिवशी तिच्याइतकं जोरात कुणीच टाकलं नाही. जो तो विचारत होता, "शिर्मरची बहीण ना?" ती नुसती मान हलवायची. संध्याकाळी मावशीकडे जेवायला बसलो. इमीच्या हातून काटा खाली पडला. ती वाकली नाही. खुर्ची मागे सारली, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसली, काटा उचलला आणि तशीच ताठ उठली.

मावशीला काही कळलं नाही. मला कळलं, कारण मीही तसंच करायचो.

जेवण झाल्यावर तिला पडवीत नेलं. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. एवढं काही नाही रे."

"बूट कसे घालतेस?"

"भिंतीला टेकून." मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

"त्यांना माहीत नाही?"

ती कठड्यावरचा रंग नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "माहीत आहे. ते म्हणतात, रीसचंही दुखायचं. आणि बघ कुठे पोचला."

बाबा, माझ्याबद्दल लोक पुष्कळ बोललेत, चांगलं आणि वाईटही. हे वाक्य मला सहन झालं नाही. मी घेतलेला प्रत्येक बळी तुम्ही त्या पोरीच्या पाठीवर ठेवत होतात. मी इथे जेवढा वर चढत होतो, तेवढं तिकडे तिला थांबणं अवघड होत होतं. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तेच हाड, तीच बाजू. अजून कोवळी आहे, विश्रांती दिली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरून येईल, म्हणाल्या. इमीनं विचारलं, "आणि नाही दिली तर?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हसलो. इमी हसली नाही.

तर आता जे सांगायचं टाळत होतो ते. इमी रविवारच्या बसनं घरी येणार नाही. ती मावशीकडे राहील, शाळाही इथेच करेल. आपण माघार घेतोय हे चाचणीवाल्यांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, मी फाटकाबाहेर थांबलो होतो. आईशी काल बोललो. ती एवढंच म्हणाली, "तिचे लोकरीचे कपडे पाठवून देते." आईवर ओरडू नका. हे तिनं ठरवलेलं नाही, मी ठरवलंय. तुमचा राग माझ्यावर निघू दे.

तुम्ही गाडी काढून तिला न्यायला निघाल, असं मावशीला वाटतं. याल तर दारात मी उभा असेन. तुम्हाला ढकलण्याइतकी ताकद आता माझ्या पाठीत नाही, पण बाजूलाही होणार नाही.

माझं ऑपरेशन सोमवारी आहे. दोन स्क्रू बसवणार आहेत. बॅट धरता येईल, म्हणतात. चेंडू नाही, कधीच नाही. हे ऐकल्यावर मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो.

पत्रकार तुमच्याकडे येतील. पॅकिंग शेड, सिमेंटची पट्टी, सगळ्याचे फोटो मागतील. त्यांना हवं ते सांगा. मी तुमच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. फक्त इमीला यापुढे माझं उदाहरण द्यायचं नाही.

सोमवारी इस्पितळात यावंसं वाटलं तर या. इमी बाहेर बाकावर बसलेली असेल. तिच्या शेजारी बसा. शाळेबद्दल विचारा, मावशीच्या कुत्र्याबद्दल विचारा, काही सुचलं नाही तर गप्प बसा, तुम्हाला ते जमतं. चेंडूचा विषय मात्र काढू नका.

तिलाही विचारलं, शेवटी दोन ओळी लिहायच्यात का. तिनं पेन घेतलं, कागदाकडे बघत राहिली आणि पेन परत दिलं. तिच्या वतीनं मी काही लिहीत नाही.

इतकं सगळं लिहूनही,
तुमचाच मुलगा,
रीस