पेटीतली ऊब

परळ, मंगळवार, जानेवारी १९५६

पितळेची पेटी, वरची काच, ऊब धरणारी तार, सगळे माझ्या हातचे. काचेवर रक्ताचा थेंब नि शेजारी जंतू ठेवले, की जंतूंकडून कसलासा रासायनिक सांगावा सुटतो आणि पांढऱ्या पेशी तिकडे सरपटताना सूक्ष्मदर्शकातून दिसतात. ऊब मात्र अंगाइतकीच हवी.

सकाळी आमच्या कुसुमच्या रक्तातली एकही पेशी हलली नाही. पोरीच्या पायाची जखम महिनाभर ना सुजते, ना पिकते, ना भरते. तिच्या पेशींना सांगावा पोचतच नाही की काय? खाली संयुक्त महाराष्ट्राची आरोळी उठली की अख्खी चाळ धावते, आणि इथे...

पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पुन्हा पाहिला. तेवढाच.

"अहो, पारा काय बघताय सारखा? पोरीकडे बघा," ही म्हणाली.

माझ्या रक्ताचा थेंब ठेवला तर कळेल, दोष पेटीत की पोरीत. दुसऱ्या कुणी हे टाळले असते तर मी त्याला झाडला असता. सुई दोनदा बोटाला लावली. टोचवेना. माझे काम चुकलेले असू दे, असे आयुष्यात पहिल्यांदा वाटतेय.

दुपारी प्रयोगशाळेचे डॉक्टर आले. "तात्या, पेटी झकास झालीय. आम्हाला विका." जी खोटी निघावी म्हणून देवाला विनवतोय, ती खरी म्हणून कशी विकू? नाही म्हणालो. तीनशे रुपये देत होते.