नोराला मराठी येत नव्हतं

जव्हार, १८ नोव्हेंबर १९१२
पोचलो एकदाचा. बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण हवा अशी की रंगूनचा सगळा घाम वाळला. संस्थानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, राहायला टेकाडावरचं कौलारू घर आणि स्वयंपाकाला साखरशेतची गौराबाई. तिच्या नाचणीच्या भाकरीबरोबरच्या चटणीने डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा बाई खुशाल हसली. ऐन विशीत मालवण सोडून ब्रह्मदेशात गेलो. तिथे साहेबांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि मुंबईच्या मासिकांना मराठी कथा पाठवल्या. आता उरलेले दिवस इथे काढायचे. बरं वाटतंय.

२६ नोव्हेंबर
गौराबाईची मुलगी फागी दुपारी ओसरीवर येऊन बसते. फाल्गुनात झाली म्हणून फागी. बाईचा नवरा वारलेला, हीच एक पोर. नुसती टकमक बघत बसण्यापेक्षा शिक म्हटलं आणि इंग्रजी सुरू केलं. हिला इंग्रजीचा काय उपयोग, असं शाळेतले एक शिक्षक म्हणाले. म्हणोत बापडे.

माझी नोरा असती तर एवढीच असती. तिची आई आयरिश, बाळंतपणात गेली. नोरा इंग्रजीतच वाढली. मराठी मी कथांसाठी राखून ठेवली, पोटच्या पोरीला एक शब्द शिकवला नाही. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली. पुढचं लिहवत नाही.

५ डिसेंबर
फागीने आज विचारलं, नदीतल्या आगबोटीची शिटी का ऐकू येत नाही. रंगूनच्या आमच्या घरात ती रोज ऐकू यायची. अस्खलित इंग्रजीत विचारलं, मी कधीच न शिकवलेल्या शब्दांत. मोखाड्याच्या बाजारापलीकडे या पोरीने काही पाहिलेलं नाही. मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तिला जवळ घेतलं आणि भूक लागली का विचारलं.

११ डिसेंबर
फागीला ताप आहे. जेवत नाही. आईची बोली तिला कळेनाशी झालीय. गौराबाई जवळ गेली की रडते, आणि मला पापा म्हणते.

गौराबाईने मला सरळ विचारलं, तुमचं कोण मेलंय? मी सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या पोरीला कोणी जेवू घातलं नाही, वाटेला लावलं नाही, म्हणून ती माझ्या पोरीत शिरली. एका अंगात दोघी राहायच्या नाहीत. माझी फागी मरेल, मास्तर.

१४ डिसेंबर
सकाळी गौराबाईने बोलावलेला नवसू भगत आला. इथली रीत अशी, की भाताची कापणी झाली की मेलेल्याला बोलवायचं, जेवू घालायचं आणि मग जा म्हणून सांगायचं. अंगणात पानावर भात वाढला. नवसूने घांगळीची तार छेडून गाणं धरलं आणि फागी घुमायला लागली. पण त्याची बोली नोराला कुठून कळणार? ती नुसती बघत राहिली. नवसू थांबला. मला म्हणाला, तूच सांग हिला, हिच्या बोलीत. जा म्हण.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे इंग्रजी कळणारा मी एकटा.

मी म्हणालो, राहा बाळ. जाऊ नकोस.

१५ डिसेंबर
फागी शांत झोपली. गौराबाईने माझे पाय धरले. मी ते धरू दिले.

१७ डिसेंबर
नोरा गाते, हसते, माझ्या गळ्यात पडते. पण अंग फागीचं, आणि ते वाळत चाललंय. ओठ काळे पडलेत. मध्येच आतून, फार खोलातून — आये, आये — गौराबाईने ऐकलं. मीही ऐकलं. माझी राहावी म्हणून हिची — कसला बाप मी.

१८ डिसेंबर, सकाळ
गौराबाईला खरं सांगितलं. वाटलं, कोयता घेऊन अंगावर येईल. ती फागीच्या उशाशी जाऊन बसली. मग म्हणाली, तुमची गेली, मास्तर. माझी आजून आहे.

आज सांगतो. सांगायलाच —

दुपार
सांगितलं. जा म्हणालो.

माझी नोरा शहाणी, कधी हट्ट केला नाही. उठून बसली. एवढंच विचारलं — एकटी?

नाही म्हणालो. पापा येतो.

अंगणात फागी आईला हाका मारतेय, आपल्या बोलीत. भाकर मागतेय. गौराबाई रडतेय. पोर वाचली.

इथे कोणी दिसत नाही — डाव्या हाताला लहान बोटं — गार — ओढतेय. जोर आहे — खांद्यापर्यंत गार —

येतो म्हटलं ना. थांब बाळ, एवढं एक वाक्य